एक की, एक स्विच

चाकणच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत आणि वजनकाट्यांवर दोन आवाज अजून टिकून आहेत. एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा. कार्बन लावलेल्या बिल्टीच्या चार प्रती एकदम हव्या असतील तर सुई कागदावर आपटावीच लागते, लेझर प्रिंटरला ते जमत नाही. दुसरा आवाज त्याच टेबलावरच्या जाडजूड कीबोर्डचा असतो. त्याचं नाव टीव्हीएस गोल्ड. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा हा कीबोर्ड बँकांच्या काउंटरवर, औषधांच्या दुकानांत, सरकारी कचेऱ्यांत आणि कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यांकडे वर्षानुवर्षं राबला. आपल्या ऑफिसांना मिळालेल्या यंत्रांत इतकं टिकाऊ आणि इतकं दुर्लक्षित यंत्र दुसरं नसेल, असं माझं मत आहे.

तीन-चारशे रुपयांच्या साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या बटणांखाली मिळून रबराचा एकच थर असतो. बोट पडलं की रबराचा घुमट दबतो आणि खालचे प्लॅस्टिकचे दोन पापुद्रे एकमेकांना टेकतात. नेमकं कुठे टेकले, ते बोटाला कळत नाही, म्हणून माणूस प्रत्येक की तळापर्यंत रेटतो. रबर थकलं की कीबोर्ड फेकून द्यायचा. तो दुरुस्त करावा असं तो बनवणाऱ्याच्याही मनात नसतं.

गोल्डची रचना मुळातच वेगळी आहे. ज्या गोल्डचं नाव झालं, त्यात प्रत्येक कीखाली स्वतंत्र स्विच असतो, चेरी कंपनीचा एमएक्स ब्लू. चेरीचा जन्म अमेरिकेतला, पण ती नावारूपाला आली जर्मनीत. एमएक्स स्विच १९८०च्या दशकात बाजारात आले. आत एक स्प्रिंग, धातूच्या दोन पात्या, निळा दांडा आणि त्या दांड्यावर सैल बसवलेला पांढरा सरकता तुकडा. की एकूण चार मिलिमीटर खाली जाते. साधारण अर्ध्या वाटेवर पांढरा तुकडा झटक्यात निसटतो, टक् असा आवाज होतो आणि त्याच सुमाराला अक्षर उमटतं. बोटाला तिथूनच परत फिरता येतं. असा एक स्विच पाच कोटी वेळा दाबला जाईल, असा कंपनीचा दावा आहे. अमेरिकेत आयबीएमच्या १९८५च्या मॉडेल एम कीबोर्डची अशीच ख्याती आहे. त्यात स्प्रिंग एका बाजूला वाकते आणि अक्षर उमटवते. तिकडे तो संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसला. आपला गोल्ड अजून कामावर आहे.

चाकण-चिंचवड पट्ट्यातल्या बोटांना गोल्ड लवकर रुचला, याचं कारण टाइपरायटर. कंपनीत क्लार्क म्हणून चिकटायचं किंवा सरकारी नोकरी धरायची, तर टायपिंगचं प्रमाणपत्र लागायचं. निगडी, चिंचवड, भोसरीतल्या मुलामुलींनी इन्स्टिट्यूटमध्ये तासन्‌तास यंत्र बडवलं आणि राज्य परीक्षा परिषदेची मराठी ३० आणि ४० शब्दांची परीक्षा दिली. यंत्रंही घरचीच होती. गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला, आणि त्यांचं अखेरचं उत्पादन २००९मध्ये थांबलं ते पुण्याच्या दक्षिणेला शिरवळच्या कारखान्यात. त्या यंत्रावर की दाबल्याचा पुरावा कानाला आणि बोटाला लगेच मिळे. मराठी यंत्रावर तर काही कळा दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकत नसे, मात्रा आणि अनुस्वार आधीच्या अक्षरावर जाऊन बसत. ऱ्हस्व वेलांटी मात्र हाताने लिहितात तशीच, अक्षराच्या आधी मारावी लागे. असा हात बसलेल्या माणसापुढे संगणक आला, तेव्हा रबराच्या कीबोर्डवर तो अडखळला आणि गोल्डवर पुन्हा सुटला.

आता दुरुस्ती. गोल्डचं मुख्य दुखणं एकच: एकदा दाबलं की दोनदा उमटतं. ‘अ’ मारला तर ‘अअ’. जीएसटी क्रमांकात एक आकडा दोनदा पडला की बिल अडतं, आणि कीबोर्ड खराब झाला असं समजून तो बदलला जातो. खरं तर कीबोर्ड खराब झालेला नसतो. एका स्विचच्या पात्यांवर मळ किंवा गंज बसलेला असतो, एवढंच. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ऑपरेटरच्या बोटांना कूलंट आणि ग्रीस असतं, दारातून धूळ येत असते, त्यात चहाही सांडतो. अशा जागी हे व्हायचंच.

आधी केबल काढून ठेवायची. सगळ्या कळांचा फोटो घ्यायचा, नाहीतर परत बसवताना घोळ होतो. तारेच्या दोन फासांनी कीची टोपी सरळ वर ओढायची, तिरकी ओढली तर आतला फुलीच्या आकाराचा दांडा तुटतो. एंटर, शिफ्ट आणि स्पेस बारखाली समतोल राखणारी तार असते, तिला जपायचं. टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन रात्रभर उपड्या वाळवायच्या. बिघडलेल्या स्विचमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडून तो भराभर दाबत राहायचं आणि पूर्ण सुकू द्यायचा. पुष्कळदा एवढ्यावर काम भागतं. बिजागरीला मारतात तो तेलाचा स्प्रे मात्र कधीही मारू नये. तेल आत राहतं आणि त्यावर आणखी धूळ चिकटते.

एवढं करूनही अक्षर दोनदा पडत असेल, तर सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचं. प्रत्येक स्विचला विजेचे फक्त दोन पाय असतात. मागून थोडं नवं सोल्डर लावून जुनं पातळ करायचं, सकरने ओढून घ्यायचं आणि स्विच वर काढायचा. घाई इथे महागात पडते. जुन्या बोर्डाला उष्णता जास्त लागली तर तांब्याची पट्टी उखडते. नवा स्विच मिळाला नाही तरी अडत नाही. स्क्रोल लॉक आणि पॉज या कळांना सहसा कोणी हात लावत नाही, त्यांचे स्विच नव्यासारखे असतात. त्यांतला चांगला स्विच एंटरखाली आणायचा आणि एंटरचा झिजलेला तिकडे पाठवायचा. कारागिराची ही युक्ती मला फार आवडते, कारण यंत्राच्या आतच त्याचे सुटे भाग सांभाळून ठेवलेले सापडतात. शिवाय चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर त्याच मापाचे चिनी स्विच स्वस्तात मिळू लागले आहेत.

जुन्या गोल्डचा गोल जांभळा पीएस-टू प्लग बहुतेक नव्या संगणकांना बसत नाही, आणि तेवढ्या कारणावरून धडधाकट कीबोर्ड भंगारात जातो. आत सर्किट असलेला कन्व्हर्टर घेतला की तो चालतो. नुसता आकार बदलणारा हिरवा-जांभळा अडॅप्टर बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही.

भंगाराचीही वाट आता बदलली आहे. या पट्ट्यातल्या कंपन्यांचं भंगार ज्या चिखलीच्या कुदळवाडीत जाई, तिथली बांधकामं महापालिकेने फेब्रुवारी २०२५मध्ये पाडली. पुण्यातला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, जुने सुटे भाग शोधायचे तर तिथे फिरावं लागतं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे कंपनीने जुनी संगणक सामग्री नोंदणीकृत संस्थेकडेच द्यायची असते. नियम योग्यच आहे. पण त्यात नूतनीकरण करणाऱ्यांनाही स्थान दिलेलं आहे, हे आपल्या स्टोअर आणि आयटी विभागांनी ध्यानात घ्यावं. जिथे हजारो हात रोज स्प्रिंग, रबर आणि वायरिंग हार्नेस घडवतात, तिथे एका स्विचसाठी अख्खा कीबोर्ड मोडीत काढावा लागू नये.

तुमच्या ऑफिसातून जुना जड कीबोर्ड निघत असेल, तर तो देण्याआधी एक की सरळ वर ओढून बघा. खाली फुलीच्या आकाराचा निळा दांडा दिसला, तर तो कीबोर्ड ठेवून घ्या. तो दुरुस्त होतो.