बत्तासा : आपला हवेचा गोडवा

परदेशी मार्शमेलोत हवा जिलेटिनने धरलेली असते, म्हणून तो मऊ राहतो. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. सोलापूर जिल्ह्यात साखरेत हवा कोंडण्याची रीत वेगळी आहे. पंढरपूरच्या प्रसादातला बत्तासा पाहा : चुरमुऱ्यांच्या पुडीत बसलेला, पांढरा, जिभेवर टेकताच विरणारा.

घरी करायचा तर १ वाटी साखर, पाव वाटी पाणी. पाक गोळीबंद होईपर्यंत उकळा. थेंब गार पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी झाली पाहिजे. गॅस बंद करून दोन चिमटी खायचा सोडा घाला आणि झपाट्याने घोटा. गरम पाकात सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बुडबुडे साखरेत अडकतात आणि पाक पांढरा फुगतो. लगेच चमच्याने तूप लावलेल्या ताटात टपोरे थेंब सोडा. रेंगाळलात तर पाक पातेल्यातच दगड होतो. सोडा जास्त पडला की बत्तासा पिवळट दिसतो आणि खारट लागतो, म्हणून हात आखडताच ठेवा.

सोलापूरचा कोरडा उन्हाळा बत्ताशांना फार मानवतो. आषाढीच्या दमट दिवसांत मात्र ते हवेतलं पाणी ओढून चिकटतात, तेव्हा गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.