लेटरबॉक्सिंग

लेटरबॉक्सिंग हा पदभ्रमण, कोडी सोडवणे आणि ठसेकाम यांचा मेळ घालणारा एक मैदानी छंद आहे. यात एक सहभागी माळरानावर, डोंगरात किंवा जंगलात एक छोटी जलरोधक पेटी लपवतो आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचे संकेत लिहून प्रसिद्ध करतो. पेटीत एक नोंदवही आणि बहुधा हाताने कोरलेला एक ठसा असतो. शोधणारा पेटीतील ठसा स्वतःच्या वहीत उमटवतो, स्वतःचा ठसा पेटीतील वहीत उमटवतो आणि पेटी पूर्ववत लपवून ठेवतो. पेटीतील कोणतीही वस्तू नेली जात नाही. दोन वह्यांत उमटलेले ठसे हेच या शोधाचे फलित असते.

या छंदाचा उगम इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील डार्टमूर येथे १९व्या शतकात झाला. १९९८ नंतर तो अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पसरला.

इतिहास

डार्टमूर हा ग्रॅनाइट खडकाचा, दलदलींचा आणि बहुतांशी वृक्षहीन असा उंच माळप्रदेश आहे. १८५४ साली चॅगफर्ड गावातील वाटाड्या जेम्स पेरट याने या माळाच्या उत्तर भागातील क्रॅनमिअर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली. तेथपर्यंत पोहोचणे त्या काळी कष्टाचे होते. पोहोचलेल्या प्रवाशाने आल्याची खूण म्हणून आपले नाव असलेले कार्ड त्या बाटलीत ठेवावे, अशी कल्पना होती. पुढे बाटलीच्या जागी पेटी आली आणि १९०५ मध्ये तेथे अभ्यागतांसाठी नोंदवही ठेवण्यात आली. १९३७ साली त्याच जागी दगडी बांधणीची कायमस्वरूपी पेटी उभारली गेली.

काही प्रवासी स्वतःच्या किंवा आप्तांच्या नावे लिहिलेली, तिकीट लावलेली पोस्टकार्डे पेटीत ठेवू लागले. पुढे येणारा प्रवासी ती कार्डे घेऊन जाई आणि आपल्या गावाहून टपालात टाकी. कार्ड किती दिवसांनी व कोठून परत येते याची उत्सुकता हा या प्रथेचा गाभा होता. ‘लेटरबॉक्स’ म्हणजे पत्रपेटी हे नाव यातूनच रूढ झाले. १९३८ मध्ये डार्टमूरविषयी विपुल लेखन करणारे विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ डक्स पूल येथे आणखी एक पेटी ठेवण्यात आली.

दीर्घकाळ अशा पेट्यांची संख्या मोजकीच होती. १९७६ साली टॉम गँट यांनी पेट्यांच्या जागा दाखवणारा नकाशा काढला, तेव्हा त्यात केवळ १५ पेट्या होत्या. त्यानंतर मात्र छंदाचा झपाट्याने प्रसार झाला आणि पेट्या हजारोंच्या संख्येने ठेवल्या जाऊ लागल्या. किमान १०० पेट्या शोधणाऱ्यांसाठी ‘१०० क्लब’ स्थापन झाला. त्याच्या सदस्यांना पेट्यांच्या संकेतांची सूची मिळू लागली.

अमेरिकेत एप्रिल १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात डार्टमूरच्या या प्रथेवर लेख प्रसिद्ध झाला. त्यातून प्रेरणा घेऊन तेथील हौशी मंडळींनी पेट्या लपवण्यास सुरुवात केली आणि संकेतांची देवाणघेवाण इंटरनेटवरून होऊ लागली. डार्टमूरमध्ये तयार रबरी शिक्केही वापरले जात. अमेरिकेत मात्र ठसा स्वतः कोरण्याला विशेष प्रतिष्ठा मिळाली.

साहित्य आणि पद्धत

शोधणाऱ्याकडे स्वतःचा ठसा, वही, शाईचा पॅड, पेन आणि होकायंत्र एवढे साहित्य असते. अनेक जण खरे नाव न लिहिता टोपणनाव वापरतात आणि त्या नावाला साजेसे चित्र आपल्या ठशावर कोरतात. वहीत ठशाशेजारी तारीख व एखादी ओळ लिहिली जाते. कालांतराने पेटीतील वही ही त्या जागी आलेल्या, परस्परांना बहुधा कधीही न भेटलेल्या लोकांची नोंद बनते.

संकेत तीन प्रकारचे असतात. काहींत ठळक खुणा आणि पावलांची संख्या सरळ दिलेली असते. काहींत होकायंत्रावरील अंश देऊन दिशा सांगितली जाते. काही संकेत कोडे, गोष्ट किंवा सांकेतिक लिपी यांच्या रूपात असतात. डार्टमूरवर दूरच्या दोन-तीन खडकशिखरांचे दिशाकोन देण्याची पद्धत आहे. ते सर्व कोन एकाच वेळी जेथून जुळतात, ती पेटीची जागा.

जागा बदलत राहणारे ठसेही असतात. डार्टमूरवर अशा ठशाला ‘कोकिळा’ म्हणतात, कारण तो दुसऱ्याच्या पेटीत ठेवला जातो. सापडलेला ठसा शोधणाऱ्याने पुढच्या पेटीत नेऊन ठेवायचा असतो.

ठसा कोरणे

ठशासाठी साधे खोडरबर, कोरण्यासाठी मिळणारे मऊ रबर किंवा लिनोलियम वापरतात. चित्र पेन्सिलीने पातळ कागदावर काढून तो कागद रबरावर पालथा दाबला असता चित्र आपोआप उलटे उमटते. न छापायचा भाग बारीक कोरणीने काढून टाकला जातो आणि उरलेला उंच भाग शाई घेतो. लिनोकट छपाई आणि कापडावरील लाकडी छापे यांचेही तत्त्व हेच आहे. रेषेच्या कडा आत न कापता बाहेरच्या बाजूस उतरत्या ठेवाव्या लागतात, अन्यथा बारीक रेषा दाबाने वाकते किंवा तुटते.

अक्षरे कोरताना ती उलटी कोरणे आवश्यक असते. देवनागरीत शिरोरेखेमुळे अक्षरे एकमेकांना आधार देतात. मात्र सुटा अनुस्वार सहज तुटतो, म्हणून तो ठळक ठेवणे किंवा अक्षरे खोलगट कोरून कागदावर पांढरी उमटवणे सोयीचे ठरते. डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या आकृतींना उलटे करण्याचा प्रश्न येत नाही.

सणांवरील ठसे

सण हा कोरीव ठशांचा आवडता विषय आहे. अमेरिकेत हॅलोवीनसाठी भोपळा व वटवाघूळ, तर नाताळासाठी सूचिपर्णी वृक्ष, हिमकण व घंटा या आकृती वारंवार आढळतात. एका सणाशी संबंधित अनेक ठसे एकाच पायवाटेवर क्रमाने लपवून मालिका तयार केली जाते. अशा काही पेट्या सणाच्या काळापुरत्या ठेवून नंतर काढून घेतल्या जातात. सणानिमित्त ठसे उमटवलेली छोटी कार्डे टपालाने पाठवण्याचीही रीत आहे.

ठळक बाह्यरेषा आणि मोजके तपशील ही चांगल्या ठशाची लक्षणे मानली जातात. त्या दृष्टीने पणती, आकाशकंदील, पतंग आणि दसऱ्याचे आपट्याचे पान या आकृती ठशासाठी अनुरूप आहेत. आपट्याच्या पानाचे दोन सारखे भाग आणि त्यांतील शिरा अगदी मऊ रबरावरही स्पष्ट उमटतात. गुढी तिरपी उभारली जात असल्याने तिचे चित्र मात्र उलटे कोरावे लागते.

आचारसंहिता

पेट्यांची संख्या वाढल्यावर डार्टमूरच्या भूमीवर त्याचे परिणाम दिसू लागले. शोधणारे दगड उलथवीत, माती उकरत आणि एकाच जागी वारंवार चालल्याने गवत नष्ट होई. १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या या प्रदेशात प्रागैतिहासिक शिलारांगा व दफनस्थळेही मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे छंदाच्या अभ्यासकांनी आणि उद्यान प्रशासनाने आचारसंहिता मान्य केली. प्राचीन अवशेषांत, भिंतींत किंवा इमारतींत पेटी ठेवू नये, धोकादायक जागी ठेवू नये, तसेच पेटी बसवण्यासाठी सिमेंट वापरू नये, ही तिची प्रमुख कलमे आहेत. दगड हलवल्यास तो पूर्वीप्रमाणे ठेवावा, पेटी उघडताना इतरांना जागा कळू देऊ नये आणि खराब झालेली पेटी मालकाने काढून न्यावी, असेही संकेत पाळले जातात.

महाराष्ट्राच्या संदर्भात

लेटरबॉक्सिंगसाठी घनदाट जंगल आवश्यक नाही, कारण त्याचा उगमच उघड्या माळावर झाला. त्यामुळे परभणीसारख्या अल्प वनक्षेत्राच्या जिल्ह्यातही, उदाहरणार्थ जिंतूर तालुक्यातील डोंगराळ भागात, त्यास अनुकूल भूरचना आढळते. मात्र नेमगिरी येथील जैन लेणी आणि चारठाणा येथील हेमाडपंती मंदिरे यांसारख्या ठिकाणी पेटी ठेवणे डार्टमूरच्या आचारसंहितेच्या कसोटीवरही अयोग्य ठरते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यांतील प्रवेश नियंत्रित आहे. खाजगी शेतजमिनीसाठी मालकाची संमती आवश्यक ठरते. गर्दीच्या ठिकाणी बेवारस पेटी संशयास्पद वाटू शकते, म्हणून पारदर्शक पेटी वापरून तिच्यावर प्रयोजन स्पष्ट लिहिणे हिताचे असते. दगडांच्या फटींत साप व विंचू असण्याची शक्यता असल्याने हात घालण्यापूर्वी काठीने चाचपणे गरजेचे आहे. पावसाळ्यात वही ओली होते आणि उन्हाळ्यात शाईचा पॅड वाळतो. त्यामुळे वही दुहेरी पिशवीत ठेवणे आणि पॅड शोधणाऱ्याने स्वतः आणणे सोयीचे असते.

एखाद्या ठिकाणी पोहोचल्याची खूण मागे ठेवण्याची इच्छा महाराष्ट्रातील किल्ले व लेण्यांवर कोरलेल्या नावांतही दिसते. केंद्र संरक्षित स्मारकाची अशी नासधूस हा १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमानुसार गुन्हा आहे. २०१० च्या सुधारणेनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लेटरबॉक्सिंगमध्ये हीच खूण दगडाऐवजी वहीच्या पानावर उमटते.

तत्सम छंद

मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर अचूकता-घट थांबवली. त्यानंतर लगेचच जिओकॅशिंग हा छंद सुरू झाला. त्यात जागा अक्षांश-रेखांशांनी दिली जाते आणि ठशाऐवजी वहीत सही केली जाते. दोहोंचा मिलाफ असलेल्या, ठसा ठेवलेल्या जिओकॅशिंग पेट्याही असतात. जपानमध्ये १९३१ साली फुकुई स्थानकात प्रवाशांसाठी स्मरणशिक्का ठेवला गेला आणि रेल्वे स्थानकांवरील शिक्के वहीत गोळा करण्याची प्रथा रूढ झाली. भारतात प्रसिद्ध स्थळांजवळच्या काही टपाल कार्यालयांत त्या स्थळाचे चित्र असलेला कायमस्वरूपी सचित्र शिक्का पत्रांवर उमटवून मिळतो. असे शिक्के जमवणे हा टपाल तिकीट संग्राहकांचा एक छंद आहे.