मुरलेली वाइन आणि न पाळलेला हुकूम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुष्कळ वर्षांपूर्वी एका मित्रानं मला तांबड्या वाइनची बाटली भेट दिली होती. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, एवढंच ज्ञान मला होतं. त्यामुळे बाटली स्वयंपाकघराच्या माळ्यावर उभी ठेवून दिली. आठ उन्हाळ्यांनंतर बूच काढलं, तर आत शिरका! चूक माझीच. बाटली आडवी ठेवली असती तर बूच ओलं राहिलं असतं. ते सुकलं, हवा आत गेली, आणि माळ्यावरच्या उष्णतेनं उरलेलं काम केलं.

पण मुळात प्रत्येक वाइन मुरण्यासाठी जन्माला येत नाही. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायच्या असतात. आपल्याकडे लिंबाचं लोणचं वर्षभर मुरतं, कोशिंबीर नाही मुरत, तसंच हे. तांबड्या वाइनला रंग येतो तो द्राक्षांच्या सालींतून, आणि सालीबियांतूनच टॅनिन येतं. टॅनिन म्हणजे कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आखडते तो तुरटपणा. टॅनिन आणि आंबटपणा भरपूर असलेली वाइन थंड, अंधाऱ्या तळघरात राहिली, की टॅनिन आणि रंगाचे कण हळूहळू एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो. जांभळा रंग विटकरी होतो. ताज्या फळांचा वास जाऊन सुक्या अंजिराचा, चामड्याचा, तंबाखूच्या पानाचा वास येऊ लागतो. याला वीस-तीस वर्षंही लागतात. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

मुलीकडे ऑस्ट्रेलियात गेलो होतो, तेव्हा अशाच एका वाइनचं घर पाहिलं. अ‍ॅडलेड शहराच्या पूर्वेला, टेकड्यांच्या पायथ्याशी मॅगिल इस्टेट आहे. इंग्लंडहून आलेले डॉ. ख्रिस्तोफर रॉसन पेनफोल्ड आणि त्यांची पत्नी मेरी यांनी 1844 साली ही जमीन घेतली. डॉक्टर रुग्णांना शक्तिवर्धक म्हणून वाइन देत. मळा मात्र खऱ्या अर्थानं सांभाळला तो मेरीबाईंनी. 1870 साली डॉक्टर वारल्यावरही त्या कारभार बघत राहिल्या. त्यांच्या बैठ्या दगडी घराचं नाव ‘ग्रेंज’. ते घर आजही उभं आहे. मळ्याची बरीचशी जमीन मात्र 1980च्या दशकात घरांसाठी विकली गेली. आता भोवती वस्ती आणि मधे जेमतेम पाच हेक्टर वेली.

या कारखान्याचे मुख्य वाइनतज्ज्ञ मॅक्स शूबर्ट. पंधरा-सोळाव्या वर्षी निरोप्या म्हणून लागलेला हा मुलगा 1948 साली त्या पदावर पोहोचला. 1950 साली शेरी कशी करतात हे शिकायला कंपनीनं त्यांना स्पेनला पाठवलं. तिथून ते फ्रान्समध्ये बोर्दोला गेले आणि चाळीस-पन्नास वर्षं मुरलेल्या वाइन त्यांनी चाखल्या. झालं! परत येऊन 1951 साली त्यांनी तसाच प्रयोग केला. बोर्दोची द्राक्षं आपल्या भागात दुर्मीळ म्हणून शिराझ घेतली, आणि नव्याकोऱ्या ओक लाकडाच्या पाच पिंपांत वाइन मुरायला ठेवली.

1956 साली सिडनीत संचालकांना आणि जाणकारांना ती चाखायला दिली. सगळे नाराज. तेव्हा ऑस्ट्रेलियात गोड, कडक वाइनचा जमाना होता. या वाइनला चिरडलेल्या मुंग्यांचा स्वाद आहे, असंही कोणी म्हटलं! खरं तर वाइन वाईट नव्हती, कच्ची होती. पाच वर्षांच्या मुलाची पदवीपरीक्षा घेण्यासारखा हा प्रकार. पण 1957च्या हंगामाआधी लेखी हुकूम आला, उत्पादन बंद करा.

शूबर्टनी तो पाळला नाही. मुख्य कचेरी सिडनीला, हजारांहून अधिक किलोमीटरवर. पेनफोल्ड घराण्यातल्याच जेफ्री पेनफोल्ड हायलंड यांचा आतून पाठिंबा होता. 1957, 58 आणि 59 अशी तीन वर्षं मॅगिलच्या तळघरात ही वाइन गुपचूप होत राहिली. नवी पिंपं मागवावीत तर बिंग फुटणार, म्हणून जुनीच वापरली. नोकरी गेली असती, आणि नाव कायमचं खराब झालं असतं, हे शूबर्टना ठाऊक होतं.

दरम्यान पहिल्या बाटल्या मुरत होत्या. त्याच संचालकांनी त्या पुन्हा चाखल्या आणि 1960च्या हंगामासाठी परवानगी दिली. 1955ची वाइन 1962 साली सिडनीच्या स्पर्धेत उतरली आणि सुवर्णपदक घेऊन आली. पुढे तिनं पन्नासावर सुवर्णपदकं मिळवली. 1951च्या प्रायोगिक बाटलीला तर आता लिलावात एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून जास्त किंमत आली आहे.

पण बूच काही अमर नसतं. म्हणून 1991पासून कंपनी जुन्या बाटल्यांसाठी शिबिरं भरवते. त्यांना नाव दिलंय ‘क्लिनिक’. डॉक्टरांच्या कारखान्याला शोभेलसं. पंधरा वर्षांहून जुनी बाटली लोक तिथं जपून घेऊन येतात. तज्ज्ञ ती उघडतात, घोटभर चाखतात, ठीक असेल तर नव्या वाइननं भरून नवं बूच लावून परत देतात. माझी माळ्यावरची बाटली तिथं नेली असती, तर बहुधा दारातूनच परत पाठवली असती.