यंत्राआधीची जुळवणी

सरकारी कचेरी संगणकयुगाला सज्ज झाली की नाही, हे ओळखायचे कसे? आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा यंत्रे मोजून दिले जाते. संयुक्त राष्ट्रांची पाहणी त्यापुढे जाते. ऑनलाइन सेवा, दूरसंचाराच्या सोयी आणि माणसांचे शिक्षण अशा तीन अंगांनी ती देशांना जोखते. २०२४ च्या पाहणीत १९३ देशांत भारत ९७वा होता. मोजमाप उपयोगी खरे. पण तलाठ्याच्या दप्तरापर्यंत ते पोहोचत नाही.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत यंत्रे येऊ लागली, तेव्हा चर्चा होती ती नोकऱ्या जाण्याची. शाखेपुढचे खरे काम मात्र निराळेच होते : एकेका खात्याच्या शिलकेची बेरीज जनरल लेजरशी जुळवणे. न जुळलेली वही यंत्रात भरली, तर तीच चूक सुबक छापून बाहेर येते, एवढाच काय तो फरक!

सातबाऱ्याने महाराष्ट्राला हेच शिकवले. हस्तलिखित उतारे संगणकात भरताना कुठे क्षेत्र बदलले, कुठे वारसाचे नाव गळले. अशा एका अक्षराची किंमत मी कर्जाच्या टेबलावर पाहिली आहे. नाव जुळत नाही, म्हणून पीककर्ज नाही. आणि पाऊस काही दुरुस्तीच्या आदेशासाठी खोळंबत नाही.

२०१७ साली शासनाने गावोगाव चावडीवाचन घेतले. संगणकातला उतारा लोकांसमोर वाचायचा, हरकती ऐकायच्या. डिजिटल सहीचा उतारा आला तो त्यानंतर, २०१८ मध्ये. आधी वाचन, मग सही हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून कोणत्याही कार्यालयाला मी तीन प्रश्न विचारीन. नोंद चुकली, तर दुरुस्त कोण करणार आणि किती दिवसांत? जो कागद शासनाकडेच आहे, तो नागरिकाकडे पुन्हा का मागता? आणि खिडकीवरच्या कारकुनाला काही ठरवण्याचा अधिकार आहे, की ‘सिस्टीम घेत नाही’ एवढेच सांगण्याचा? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत आणि अपिलाची वाट दिली आहे. तिचा फलक दारात लावणे सोपे. त्या मुदतीला बांधून घेणे अवघड.

तेव्हा ‘संपूर्ण संगणकीकरणा’ची फीत कापण्याआधी पाहुण्यांनी तिथल्या दहा नोंदी मोठ्याने वाचून घ्याव्यात. ऐकायला त्या नोंदींचे धनी मात्र समोर बसलेले असावेत.