सुटीचा पाहुणा आणि कराराचा कागद

उन्हाळ्याची सुटी लागली, कीं मुंबई-पुण्याचीं कुटुंबें पांचगणी, महाबळेश्वर आणि कोंकणच्या किनाऱ्याकडे वळतात. त्या बाजूचे पुष्कळ शेतकरीबंधु मळ्यांतील किंवा बागेंतील रिकामें घर अशा कुटुंबांस महिना दीड महिना राहण्यास देतात. पीक बुडालेल्या वर्षीं हे चार पैसे संसारास मोठाच आधार होतात. परंतु बैल घेतांना दांत मोजून पाहणारा शेतकरी घर देतांना मात्र तोंडच्या शब्दावर किल्ली स्वाधीन करतो, हें पाहून आम्हांस खेद वाटतो.

खरा धोका पैसे बुडण्याचा नव्हे. ताबा अडकण्याचा आहे. भाडेपट्टा आणि परवाना या कायद्यानें दोन निराळ्या वस्तु होत. भाडेपट्ट्यानें मिळकतीच्या उपभोगाचा हक्कच भाडेकऱ्याकडे जातो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमांतील परवाना म्हणजे केवळ वापराची मोकळीक. त्यानें मिळकतींत हक्क उत्पन्न होत नाहीं. सुटीच्या पाहुण्यास द्यावयाचा तो परवानाच.

मात्र कागदाच्या माथ्यावर 'परवाना' असें लिहिल्यानें भागत नाहीं. कागदाचें नांव नव्हे, तर उभय पक्षांचा खरा हेतु पाहावयाचा, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालीं एका निवाड्यांत सांगितलें आहे. म्हणून करारांत पुढील गोष्टी स्पष्ट असाव्या:

(१) येण्याची व जाण्याची तारीख आणि वेळ.

(२) एकूण रक्कम, अनामत व ती परत करण्याची मुदत; बेत रहित झाल्यास किती पैसे परत द्यावयाचे तें.

(३) राहणाऱ्यांची संख्या, आणि दुसऱ्या कोणास घर देण्याची मनाई.

(४) घराचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील, एक किल्ली त्याच्याजवळ असेल, ही अट.

(५) भांडीं, पलंग, पंप इत्यादि सामानाची उभयतांच्या सह्यांची यादी. नुकसानीबद्दल दंडाचा मोठा आंकडा घातला, तरी १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमान्वयें वाजवी तेवढीच भरपाई मिळते. तेव्हां आंकड्यापेक्षां यादीच अधिक उपयोगी.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ज्या गांवांस लागू आहे, तेथें करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी ५५ व्या कलमानें घरमालकावर टाकली आहे. ती चुकविल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं राहणाऱ्याचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. उलटपक्षीं, परवाना लेखी असल्यास २४ व्या कलमाखालीं, मुदत संपतांच, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर परत मागतां येतें आणि अडून बसणाऱ्यास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते.

आपलें गांव या कायद्याखालीं येतें कीं नाहीं, याची चौकशी सुटीपूर्वींच दुय्यम निबंधकाच्या कचेरींत करावी. कागदानें पाहुणचारास उणेपणा येत नाहीं. उलट निघतांना पाहुणा आणि यजमान दोघेही हंसतमुखानें निरोप घेतात, आणि घर पुढच्या हंगामासाठीं आपल्याच हातीं राहतें.