बाळ, बाबागाडी आणि चार मीटरांची मोटार

नार्नूरहून आदिलाबादच्या दवाखान्याकडे निघालेली एखादी लहान मोटार पाहावी. चालकाच्या शेजारी घरातील सून बसलेली असते. तिच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचे मूल असते. मागे आजी, आजोबा आणि मोठे भावंड दाटीवाटीने बसलेले असतात. मूल आईच्या कुशीत आहे, तेव्हा त्याची काळजी करावयास नको, असा सर्वांचा समज असतो. घरात तो समज खराच असतो. चालत्या मोटारीत मात्र तो नेमका उलटा ठरतो, आणि लहान कुटुंबाने मोटार निवडताना विचाराचा आरंभ तेथूनच करावयास हवा.

ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार दर सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर तोडीत असते. समोर अचानक बैल आला आणि मोटार झाडावर आदळली, तर ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते असे समजू. मोटार थांबते, पण आतील माणसे थांबत नाहीत. ती त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतात. त्या क्षणी दहा किलोचे मूल आईच्या हातांना सुमारे १४० किलोच्या ओझ्याप्रमाणे ओढते. तांदळाची जवळजवळ तीन पोती एका झटक्यात कोणाच्या हातात थांबतील? आईचे प्रेम येथे कमी पडत नाही, तिच्या मनगटांचे बळ कमी पडते. त्यातून तिने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचा देह मुलावर आदळतो. समोरच्या फळीतील हवेची पिशवी, जिला आता सगळे एअरबॅगच म्हणतात, ती प्रौढ माणसासाठी योजलेली असते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फुगते. मांडीवरच्या मुलाला तिचा आधार होत नाही. तिचा तडाखाच बसतो.

यावर उपाय म्हणजे मुलाचे स्वतंत्र आसन. त्याची कथा मनोरंजक आहे. स्वीडनमधील बर्टिल अल्डमन या संशोधकाने अमेरिकन अंतराळवीरांची आसने पाहिली. उड्डाणाच्या वेळी शरीरावर येणारा प्रचंड दाब संपूर्ण पाठीवर वाटला जावा म्हणून ते अंतराळवीर पाठ टेकून, जवळजवळ उताणे असत. हीच युक्ती मुलांसाठी का वापरू नये, असे त्यांच्या मनात आले, आणि १९६४ साली मोटारीच्या मागच्या दिशेला तोंड असलेले पहिले बालआसन चाचणीस उतरले. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे असते आणि मानेची हाडे अजून पुरती कठीण झालेली नसतात. तोंड पुढे असेल तर धक्क्याचा सारा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोके, मान आणि पाठ ही तिन्ही आसनाच्या पाठीत एकदम सामावतात. म्हणून युरोपातील नव्या नियमानुसार निदान पंधरा महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवावे लागते. असे आसन एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये.

आपल्याकडेही कायदा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यातील १९४-ब या कलमाने चौदा वर्षांखालील मुलास सुरक्षापट्टा अथवा बालआसन आवश्यक केले आणि ते न लावल्यास एक हजार रुपये दंड ठेवला. तथापि दंडाच्या भीतीने घेतलेले आसन बहुधा पावतीसह माळ्यावर पडून राहते.

तेव्हा क्रम असा असावा, की आधी आसन ठरवावे आणि मग मोटार. आपल्याकडे बरोबर याच्या उलट होते. मोटारीचा रंग आणि तिच्यातील पडदा यांवर आठवडाभर खल चालतो आणि आसनाची आठवण बारशानंतर होते. आसने मुलाच्या वजनाप्रमाणे वा उंचीप्रमाणे मिळतात. जुन्या पद्धतीत तेरा किलोपर्यंतचे तान्ह्याचे, नऊ ते अठरा किलोंचे, आणि पंधरा ते छत्तीस किलोंचे, ज्यात मुलाला उंच बसवून मोटारीचाच पट्टा वापरतात, असे गट आहेत. आसन मोटारीला जोडण्याचे मार्ग दोन. एक म्हणजे मोटारीच्या त्रिबिंदू पट्ट्याने आवळून बांधणे. दुसरा म्हणजे आयसोफिक्स. मागच्या बाकाच्या सांध्यात २८० मिलिमीटर अंतरावर दोन पोलादी कड्या असतात. त्यांत आसनाचे आकडे खट् असा आवाज करून अडकतात. आसन पुढे कलंडू नये म्हणून वरून एक पट्टा बाकामागील कडीला बांधावा लागतो, किंवा आसनालाच एक टेकूचा पाय असतो. मोटारीच्या तळाशी पायांखाली सामानाचा कप्पा असेल, तर हा टेकू तेथे लावणे धोक्याचे होय. जुनी मोटार घेणाऱ्याने निराश होऊ नये. पट्टा त्रिबिंदू असेल आणि आसन त्याला अनुरूप असेल, तर पट्ट्याने नीट बांधलेले आसनही आपले काम चोख करते. फक्त कमरेपुरता पट्टा असलेल्या मधल्या जागेवर मात्र बहुतेक आसने चालत नाहीत. जुने आसन घ्यावयाचे असल्यास ते कोणत्याही अपघातातून गेलेले नसावे.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. ती अडचण म्हणजे आजी. परदेशी पुस्तकांत कुटुंब म्हणजे आई, बाप आणि दोन मुले. नार्नूरच्या घरात आजीला मागे ठेवून जीवतीला लग्नाला जाणे कोणाला शक्य आहे? लहान मोटारीत मागच्या बाकाची रुंदी खांद्यांच्या पातळीवर साधारण १३० सेंटिमीटरांच्या आसपास असते. एक आसन सुमारे ४४ सेंटिमीटर धरले, तर दोन आसनांचे ८८ झाले. मध्ये उरतात ४२. एवढ्यात एखादा सडपातळ महाविद्यालयीन तरुण तिरका बसेल. गुडघे दुखणारी आजी बसणार नाही, आणि तिच्या पट्ट्याचे कुलूप तर आसनाखाली गडप झालेले असेल. एकच मूल असेल तर प्रश्न सुटतो. आसन डाव्या बाजूस लावावे, कारण आपल्याकडे रस्त्याची कड त्या बाजूस येते आणि मुलाला वाहनांच्या वर्दळीत न उतरविता घेता येते. उजवीकडे आजी ऐसपैस बसते. दोन लहान मुले आणि एक वडीलधारे माणूस असेल, तर आजीला पुढे बसवून आईने मुलांच्या मध्ये बसावे, अथवा तीन रांगांची मोटार पाहावी. चार मीटरांच्या आत तीन रांगा बसविणारी रेनो ट्रायबर ही त्या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. तिची शेवटची आसने काढून ठेवता येतात. सातही जागा वापरल्या तर मागे अवघी ८४ लिटर जागा राहते, आणि ती रांग काढली की ६२५ लिटर होते. परंतु मधल्या रांगेत बालआसन बांधल्यावर तो भाग दुमडत नाही. मग मागे जाण्याची वाट एकाच बाजूने उरते, आणि त्या वाटेने आजीने चढणे हा विनोदाचा विषय नाही.

चार मीटर ही मर्यादा वारंवार का येते, याचे कारण करांत आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पापासून चार मीटरांपर्यंतच्या लहान एंजिनाच्या मोटारींना कमी कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या १२०० आणि डिझेलच्या १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या अशा मोटारींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. म्हणून कारखानदार सारी हुशारी चार मीटरांत कोंबतात, आणि कोंबताना बहुधा डिकीचा बळी जातो.

डिकीचे लिटर ही फसवी गोष्ट आहे. २०, १० आणि ५ सेंटिमीटर मापाचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे आत रचून ते मोजतात. ठोकळे कोनाकोपऱ्यांत शिरतात. बाबागाडी शिरत नाही. मारुती डिझायरची डिकी ३८२ लिटर आणि होंडा अमेझची ४१६. आकडे भरघोस आहेत, परंतु मागे पेटी असलेल्या मोटारींच्या डिकीचे तोंड आखूड असते. टाटा पंचचे ३६६ आणि बलेनोचे ३१८ लिटर कमी दिसले, तरी मागचे संपूर्ण दार वर उचलले जात असल्याने उंच वस्तू आत उभी राहू शकते. स्विफ्टच्या २६५ लिटरांत घडीची बाबागाडी गेली, तर मग आठवडी बाजाराची पिशवी मांडीवर घ्यावी लागेल. सी.एन.जी.ची टाकी बसविलेल्या मोटारीत हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा.

बाबागाडीही दोन जातींची असते. ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केले होते. विमानाची चाके जशी दुमडून पोटात जातात, तशी छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी त्यांनी १९६५ साली तयार केली. ती काठ्यांच्या जुडीसारखी लांब होते, म्हणून डिकीची आडवी लांबी महत्त्वाची. मोठ्या चाकांची गाडी खडबडीत रस्त्यावर चांगली चालते, परंतु मिटल्यावरही ती रुंद आणि उंच राहते. खरे सांगावयाचे तर गावच्या मुरमाड वाटेवर हलक्या गाडीची इवली चाके रुततात आणि तेथे आईचा पदरच बरा. बाबागाडी उपयोगी पडते ती आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयाच्या लांब ओसऱ्यांत आणि रेल्वेच्या फलाटावर. महिन्यातून एकदाच तिचे काम पडणार असेल, तर तिच्यासाठी मोठी मोटार घेणे शहाणपणाचे नव्हे.

जमिनीपासून मोटारीच्या पोटापर्यंतची उंची मात्र येथे रोज कामी येते. पावसाळ्यात ओढ्यांवरचे ठेंगणे पूल आणि वाहून गेलेल्या कडा यांवर १८० मिलिमीटर व त्याहून अधिक उंची असलेली मोटार निश्चिंतपणे जाते. उंच बाकाचा आणखी एक फायदा असा, की मुलाला आसनात ठेवताना आईला कमरेत वाकावे लागत नाही. दार जवळजवळ काटकोनात उघडत असेल, जसे पंच आणि अल्ट्रोझ यांचे उघडते, तर ते काम आणखी सोपे होते.

सुरक्षिततेचे तारे वाचताना एक चूक हमखास होते. जाहिरातीतील पाच तारे बहुधा प्रौढांचे असतात. २०१८ साली टाटा नेक्सॉनला प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले होते. २०२४ साली डिझायरला प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी चार. २०२३ सालच्या एका चाचणीत वॅगन आरला मुलांसाठी एकही तारा मिळाला नव्हता. नंतर तिच्यात एअरबॅगांची संख्या वाढली. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एन.सी.ए.पी. या आपल्या चाचणीत मुलांसाठी ४९ गुण स्वतंत्र असतात. पाहावयाचा आकडा तो.

हवामानाचाही विचार हवा. मे महिन्यात उन्हात उभ्या मोटारीतील आसनाचे धातूचे बक्कल चटका देण्याइतके तापते; आसनावर पांढरे धोतर टाकून ठेवावे, आणि मुलाला बंद मोटारीत क्षणभरही एकटे सोडू नये. पौष महिन्यात केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेस जाताना थंडी कडाक्याची असते. जाड स्वेटरावरून पट्टे आवळले तर ते घट्ट भासतात, पण धक्क्यात लोकर दबते आणि मूल निसटते. पट्टे पातळ कपड्यांवर बांधावेत आणि शाल वरून पांघरावी. खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट घेता आली, तर तो सैल आहे असे समजावे.

मोटार पाहावयास जाताना बालआसन, बाबागाडी आणि आजी या तिघांनाही बरोबर न्यावे. विक्रेता थोडा चकित होईल, होऊ द्यावा. प्रथम उंच माणसाने चालकाची जागा आपल्या पायांप्रमाणे लावावी. नंतर डाव्या बाजूस मागे आसन बांधून पाहावे. मागे तोंड असलेले आसन बरीच जागा खाते आणि पुढच्या डाव्या प्रवाशाचे गुडघे फळीला टेकतात. तेथे कोण बसणार, हे त्याच वेळी ठरते. मग आजीने स्वतः चढून बसावे, पट्टा स्वतः लावावा आणि सोडावा. बाबागाडी डिकीत ठेवून दार लावून पाहावे. दार लागले नाही, तर पुढची मोटार दाखविण्यास सांगावे.