बाग रस्त्यापेक्षा खाली हवी

2 जुलै 2011 च्या संध्याकाळी कोपनहेगनवर दोन-तीन तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. तळघरं भरली, रस्ते बुडाले, सुमारे सहा अब्ज क्रोनरचं नुकसान झालं. मुंबईकराला हा पाऊस किरकोळ वाटेल. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, आणि कोपनहेगनचा तर अख्ख्या वर्षाचा पाऊस सहा-सातशे मिलिमीटरचा. तरीही त्या शहराने पुढे काय केलं, हे आपण नीट पाहायला हवं.

2012 मध्ये कोपनहेगनने ढगफुटीसाठी स्वतंत्र आराखडा केला: सुमारे तीनशे कामं, वीस वर्षांची मुदत. नुसती गटारं रुंद करत बसणं परवडणारं नाही, असा हिशेब निघाला होता. म्हणून पाणी जमिनीवरच थोपवायचं ठरलं आणि त्यासाठी बागा हाताशी धरल्या. एंगहावेपार्कन ही 1920 च्या दशकातली जुनी बाग. तिथले मंडप आर्ने याकोबसेन या नामवंत वास्तुरचनाकाराच्या सुरुवातीच्या काळातले. बागेचं रूप न बिघडवता जमिनीचा उतार वापरून तीन बाजूंनी ठेंगणी भिंत घातली आणि खेळाचं मैदान खोल केलं. एरवी मुलं तिथे खेळतात, लोक भिंतीवर बसतात. ढगफुटी झाली की तीच बाग 22,600 घनमीटर, म्हणजे सव्वादोन कोटी लिटरहून जास्त पाणी धरून ठेवू शकते. पाऊस ओसरला, की ते सावकाश सोडायचं.

आता आपल्याकडची नूतनीकरण झालेली एखादी बाग आठवा. रस्त्यापासून दोन पायऱ्या वर. भोवती कट्टा, आत पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट. तिच्यावर पडलेलं पाणीसुद्धा ती स्वतःकडे ठेवत नाही, रस्त्यावर ढकलते. अशा बागेला हिरवं क्षेत्र म्हणून नकाशावर रंग मिळतो, सावलीही मिळते आणि उन्हाळ्यात ती फार मोलाची असते. पण पुराच्या दिवशी तिचा उपयोग शून्य. झाडं किती लावली हे आपण मोजतो. जमीन किती खाली ठेवली, हे कुणी विचारतच नाही.

मुंबईत हिंदमाताच्या खोलगट भागासाठी 2021 पासून प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या गेल्या. तुंबलेलं पाणी पंपाने तिथे न्यायचं आणि नंतर सोडायचं. कल्पना योग्यच आहे, कारण भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही आणि तेवढा वेळ ते कुठेतरी थांबवावंच लागतं. पण काँक्रीटच्या टाकीत पाणी मुरत नाही आणि वरच्या पातळ मातीत मोठी झाडं रुजत नाहीत. बाग टाकीचं झाकण होऊन बसते.

कोपनहेगनची नक्कल इथे चालणार नाही, हे खरंच. चार महिने पाऊस पडतो, जमीन जुलैतच तुडुंब होते, पाणी साचलं की डास आलेच. म्हणून आपले खळगे उथळ हवेत आणि दिवसभरात रिकामे होणारे हवेत. एक हेक्टरचं मैदान फक्त पंधरा सेंटिमीटर खाली घेतलं, तरी त्यात पंधरा लाख लिटर पाणी मावतं: दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. 944 मिलिमीटरपुढे हे काहीच नाही. पण दरवर्षी भरतीच्या तासाला जो धो धो पाऊस येतो, त्यात गुडघाभर पाणी आणि घोटाभर पाणी यातला फरक एवढ्यानेच पडू शकतो. शिवाय मुरलेलं पाणी उन्हाळ्यात झाडांच्या मुळांशी असतं. ओलसर मातीतलं झाड जास्त गारवा देतं.

एंगहावेपार्कनचं काम तिथल्या महापालिकेने आणि पाणीपुरवठा संस्थेने मिळून केलं, दोघांच्या पैशातून. मुंबईत उद्यान खातं आणि पर्जन्य जलवाहिन्या खातं एकाच महापालिकेत आहे. बागेच्या अंदाजपत्रकावर दुसऱ्या खात्याचीही सही बंधनकारक केली आणि त्यात रस्त्याच्या व बागेच्या पातळीचे आकडे शेजारी शेजारी लिहायला लावले, तर पुढच्या पावसाळ्याआधी होणाऱ्या नूतनीकरणांपासूनच सुरुवात करता येईल.